बाहेरच्या फ्लॉप्यांचा डबा

माझ्या मुलीने माझ्याकडे एक वर्ष मागितलं होतं.

"पप्पा, एक वर्ष घरात कॉम्प्युटरवर काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, सोसायट्यांचे अहवाल, येईल ते. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तिथं नोकरी धरते आणि तुम्ही म्हणाल त्या पाहुण्यांपुढं पोह्यांच्या बशा घेऊन येते." ही शेवटची अट तिने आपणहून घातली होती, म्हणजे बघा तिला स्वतःचा केवढा भरवसा! मी हो म्हणालो. नव्वदचं दशक सरत आलं होतं, बारामतीत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि पोरगी डिप्लोमा करून घरी बसली होती. आणला कॉम्प्युटर. पुढच्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीपाशी ठेवला. बायकोने त्याला भरतकाम केलेला अभ्रा शिवला. मी इंदापूरच्या एका कचेरीत नोकरीला, सकाळी एसटीने जायचो आणि संध्याकाळी यायचो, ते आधी त्या अभ्र्याकडे नजर टाकायचो. अभ्रा काढलेला असला म्हणजे आज काम आलं.

आणि काम यायला लागलंही. सांगवी, कन्हेरी, पार कोऱ्हाळ्यापासून माणसं फ्लॉपी खिशात घालून यायची.

आता व्हायरस नावाची एक भानगड असते, हे आम्हाला कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराने आधीच सांगितलं होतं. त्याला रोखायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. पुण्याला सीलबंद डब्यात मिळतो, चांगला असतो, तोच घ्या, असं तो म्हणाला. मुलगीही तेच म्हणाली. पण मी पडलो सरकारी नोकर! आमच्या कचेरीतल्या एकाकडे त्याच कामाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमची कॉपी होती. फुकट. मी ती फ्लॉपी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि म्हणालो, हा घे तुझा रखवालदार. तिने नाक मुरडलं, पण घातला.

तर हा रखवालदार सकाळी मशीन चालू केलं की आधी आमचीच सगळी डिस्क तपासत बसायचा. भाकऱ्या व्हायच्या, कालवण व्हायचं, माझा डबा भरून व्हायचा, तरी ह्याचं आपलं चालूच. मी एक दिवस वैतागलो. म्हटलं, आपल्याच घरात रोज काय चोर शोधायचा? येणाऱ्याला अडव म्हणावं त्याला. एकदाही शेवटापर्यंत न जाऊ देता तिने ती तपासणी बंद केली. मग तो फक्त बाहेरून आलेली फ्लॉपी तपासायला लागला. चांगली असली तर गप्प. खराब असली की पडद्यावर लालभडक चौकोन आणि साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज. समोर बसलेला माणूस दचकायचा. "अहो, कालपर्यंत चांगली होती की!" असं जो तो म्हणायचा. आम्हाला वाटायचं, म्हणणारच.

होता होता भोंगा वरचेवर वाजायला लागला. मशीनही मध्येच अडायला लागलं. एका शाळेचा सहामाहीचा पेपर तिने जागून टाइप केला होता, तो सकाळी उघडला तर अक्षरांच्या जागी नुसती वेड्यावाकड्या खुणांची पिलावळ. मास्तरांनी तिथल्या तिथं दुसरीकडे काम दिलं. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. "अशी अजून दोन गिऱ्हाइकं गेली की माझं वर्ष संपलं, पप्पा," एवढंच बोलली.  पोरीला कोणापुढे बशा घेऊन जायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तिला पाठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरहून आलो तर खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा. त्यावर सुबक छापलेला कागद चिकटवलेला: "बाहेरच्या फ्लॉप्या कृपया येथेच ठेवाव्यात. तपासल्याशिवाय आत आणू नयेत."

मी गल्लीतच उभा राहिलो. चपला काढायचं सुचेना.

"कसं आहे?" तिने आतून विचारलं. "आता घरच्या आणि बाहेरच्या मिसळायला नकोत. सगळे क्लासवाले असंच करतात."

"चांगलं आहे," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो.

काय सांगणार होतो तिला? आमचं गाव नीरेकाठचं. शाळेत माझ्या बाकावर पाटलाच्या आळीतला एक मुलगा बसायचा. गणित माझं चांगलं, म्हणून तो मला घरी बोलवायचा. त्याच्या घराच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कपबशी पालथी घातलेली असायची, कान तुटलेली. ती माझी. त्याची आई लांबून चहा ओतायची. प्यायचा, आपणच विसळायची, परत पालथी घालायची. आमच्या लोकांनी धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, आम्ही बौद्ध झालो, पण ती कपबशी काही त्या कोनाड्यातून हलली नाही. मी गणित अंगणात बसून शिकवायचो. हे मी बायकोला एकदा सांगितलं होतं. मुलीला कधीच नाही. तिला कशाला? ती बारामतीत वाढली, मैत्रिणींच्या फ्रीजमधून पाण्याच्या बाटल्या काढून प्यायली. सुखाने वाढलेल्या पोरीच्या मागे आपलं लचांड कशाला लावायचं, असं मला वाटायचं.

आणि गंमत बघा. आठ दिवस झाले नसतील, तोच बाकावरचा दोस्त आमच्या दारात! आता तो एका सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता, अहवालाचं काम मुलीकडेच होतं, दुसऱ्यांदा आला होता. मी रजेवर होतो. तो खिडकीपाशी थांबला, कागद वाचला आणि त्याने खिशातली फ्लॉपी काढून डब्यात टाकली.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. असं आतून ऊन पडल्यासारखं बरं वाटलं. ठेव, म्हटलं मनात, ठेव बाहेर. आता कळेल. मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो, कुठे काही हलतंय का.

कसलं काय! "झ्याक सोय केलीस की, पोरी," तो आत येत म्हणाला. खुर्चीत बसला, पाय लांब केले, बायकोने दिलेला चहा फुर्रकन प्यायला. "राव, तुमची लेक लई हुशार. आमच्या हापिसात बी असाच डबा ठिवतो." त्याच्या फ्लॉपीला भोंगा वाजला तरी हसला. त्याला काही आठवलं नव्हतं. आठवायला त्याच्याकडे काही नव्हतंच मुळी. तो गेल्यावर मला त्याचा राग यायला लागला आणि दोन दिवस उतरला नाही.

मग रविवारी आबा आले. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावातल्या आमच्या विहाराचं सगळं बघणारे. म्हातारपणी रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकलेले. मागे विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका मुलीने करून दिली होती आणि मजकूर एका कोऱ्या करकरीत फ्लॉपीवर घालून त्यांना दिला होता, पुढच्या वेळी आणा म्हणून. आता दुसरी पत्रिका करायची होती.

मी आत पेपर वाचत होतो. खिडकीतून पांढरं धोतर दिसलं म्हणून वाट बघितली, कोणी आत येईना. उठून बघतो तर आबांनी धडुत्यातून फ्लॉपी सोडली होती, डब्यात ठेवली होती आणि स्वतः गल्लीत उन्हात उभे होते. चपला हातात.

"आबा! आत या की."

"न्हाय, हितंच ठिवा म्हणून लिवलंय. ठिवली. मी बी हितंच हाय, बगा निवांत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय झालं मला कळलंच नाही. मी बाहेर आलो, तो डबा उचलला आणि गल्लीत भिरकावला. फ्लॉप्या चहूकडे उडाल्या.

"पप्पा!" मुलगी ओरडत बाहेर आली. "गिऱ्हाइकांच्या आहेत त्या!"

"आमचा म्हातारा माणूस बाहेर उभा राहतो तुझ्या डब्यापायी!" मी ओरडलो. शेजारी दारात आले. आबा बिचारे खाली बसून एकेक फ्लॉपी धोतराने पुसून गोळा करायला लागले, आणि ते बघून मला रडूच फुटलं. त्यांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि तिथेच, आबांच्या देखत, मुलीला त्या कोनाड्यातल्या कपबशीची गोष्ट सांगितली. कोणाच्या घरची, तेही सांगितलं.

तिने खिडकीतून रिकाम्या कट्ट्याकडे बघितलं. मग चिडून म्हणाली, "आणि हे मला आत्ता सांगताय? तुम्ही त्या दिवशी 'चांगलं आहे' म्हणालात!"

मी गल्लीत जाऊन उरलेल्या फ्लॉप्या गोळा करून आणल्या.

डोळे पुसून तिने आबांची फ्लॉपी घेतली, म्हणाली, आधी आबांचं काम. फ्लॉपी घातली आणि भोंगा वाजला. लाल चौकोन. आबा ताडकन उठून उभे राहिले.

"म्या काय न्हाय केलं, बाई. ट्रंकंत ठिवली हुती. तुज्या घरनं नेली, ती आज आणली. दुसरीकडं कुठंच गेली न्हाय ती." आणि मग खाली बघून म्हणाले, "माज्या हातानं बाटली का काय?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काय म्हणालात आबा? कुठंच गेली नाही?"

मला समजायला वेळ लागला, तिला लागला नाही. कोरी फ्लॉपी. आमचं मशीन, मग आबांची ट्रंक, मग परत आमचं मशीन. तिला एकदम दिसलं की भोंगा नेहमी दुसऱ्यांदा आलेल्या फ्लॉपीलाच वाजत होता. जे पहिल्यांदा यायचे त्यांच्या फ्लॉप्या स्वच्छ असायच्या. लोक खरं बोलत होते. तिने मी बंद करायला लावलेली ती आपल्या घरची तपासणी चालू केली. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. आबांचा चहा झाला, जेवण झालं, आणि अगदी शेवटी लाल चौकोन आला. आमच्या डिस्कवर.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने पुण्याला गेली आणि तो सीलबंद डबा घेऊन आली, जो दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितला होता. आत पुस्तक होतं. जुना रखवालदार पूर्ण काढून टाकल्याशिवाय नवा घालू नये, दोघं एकमेकांच्या अंगावर जातात, असं त्यात लिहिलेलं. तिने जुना काढला, त्याचा मागमूस ठेवला नाही. नवा आल्यावर सहज म्हणून तिने जुन्याची ती फुकटची फ्लॉपी तपासली. व्हायरस तिच्यातच होता. वर्तमानपत्रात गुंडाळून मीच घरी आणला होता! कपाळाला हात लावला मी.

"आता सगळ्यांना सांगायला पाहिजे," ती म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "मशीन साफ झालं ना? मग गप्प बस. काय सांगणार, आमच्या घरातून लागण झाली म्हणून? लोक काय म्हणतील? ह्यांच्या घरातून. ह्यांच्या! कळतंय का तुला? आणि तुझं वर्ष? एक गिऱ्हाईक राहायचं नाही."

"गेलं तर गेलं वर्ष. त्यांची मशीनं मरतायत पप्पा, आणि आपण त्यांनाच नावं ठेवत होतो." नंतर हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत असेल तर मी एकटी जाते."

एकटी कशी जाऊ देणार? स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. नव्या रखवालदाराची फ्लॉपी पिशवीत, दारोदार. "आमच्याकडून आलंय, साफ करून द्यायला आलेय," एवढंच ती म्हणायची. मी स्कूटरपाशी उभा राहायचो, कानकोंडा. दोन शाळा तुटल्या त्या तुटल्याच. एका क्लासवाल्याने नको ते बोलून घेतलं. सेक्रेटरी दोस्त तर भडकलाच, चांगला तांबडालाल झाला. त्याच्या ऑफिसातली दोन्ही मशीनं आजारी होती. "सोताचं घर साफ न्हाय अन् वर आमची फ्लॉपी बाहेर ठिवायला लावता व्हय!" म्हणाला. मुलगी म्हणाली, "बरोबर आहे काका तुमचं," आणि खुर्ची ओढून साफ करायला बसली. मी दारातच थांबलो होतो. त्याच्या घरी असायचो तसाच. तिने मान वर करून बघितलं. "पप्पा, आत या. बसा इथे." आणि मी आत जाऊन, त्याच्या टेबलाशेजारी बसलो. वर्ष संपायच्या आत त्यानेच ऑफिसच्या मशीनची देखभाल तिला लावून दिली, रागावत रागावत.

बिस्किटांचा तो डबा आता गव्हाच्या कोठीत मापाला आहे. मुलीने नव्या रखवालदाराला एक शिस्त लावली. कोणीही फ्लॉपी घेऊन आला की आधी त्याच्या देखत आपली डिस्क, मग त्याची फ्लॉपी.

पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका करायला आबा आले. ह्या वेळी सरळ आत. खुर्चीत बसले, बायकोने चहा दिला. मुलीने बटण दाबलं, पडद्यावर नावं भराभरा सरकायला लागली. आबांनी फ्लॉपी पुढे केली, पण ती घेईना.

"काय बगतंय त्ये?" त्यांनी मला विचारलं.

"आधी आपल्याच घरात काय खराबी हाय का, त्ये बगतंय आबा. मग तुमचं."

"मंजी आधी घरवाल्याची झडती? अन् मग आलेल्या माणसाची?"

"व्हय."

आबांनी बशीत चहा ओतला. पडद्याकडे बघत सगळा प्यायले.

"असं बी यंत्र निघालंय व्हय," ते म्हणाले. "लई उशिरा निघालं, लेका."