सिडनी ते मुंबई

मुलाकडे तीन महिने राहून सिडनीहून परतत होते. शेजारच्या चाळिशीच्या बाईनं जेवणाला हातही लावला नव्हता. समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा होता आणि मुंबई किती दूर आहे तेवढंच ती पाहत होती.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"काकू, काल संध्याकाळी बाबा गेले. साताऱ्याला." ती हळूच म्हणाली. "भाऊ विचारत होता, ताई, तुझ्यासाठी थांबू का? पण मला घरी पोचायला मध्यरात्र होणार. आई कालपासून त्यांच्याजवळ बसून आहे. मीच म्हटलं, थांबू नका. दहा वाजता नेणार आहेत."

मी तिचा हात धरला. सकाळी विमानतळावर माझा मुलगा म्हणाला होता, "आई, काही झालं तर मी एका दिवसात पोचतो." तेव्हा किती धीर वाटला होता! एक दिवस एवढा मोठा असतो, हे मला आत्ता कळत होतं. आणि हे त्याला कधीच सांगायचं नाही, असंही मी ठरवत होते.

भारतातले दहा वाजले. तिनं चपला काढल्या, सीटवरच मांडी घातली आणि हात जोडून डोळे मिटले. हवाई सुंदरी चहा घेऊन आली, तिला मी खुणेनं पुढे जायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"मी परत निघाले की बाबा कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचे," ती म्हणाली. "आज ते निघाले, आणि मी..."