नकाशा कशात उघडायचा

कौसल्या गजभिये यांना भीतीची सवय होती, आणि सरकारी कचेरीत ही सवय गुण म्हणून गणली जाते. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या कचेरीत त्यांचा जन्म सरत होता तिचे नाव देण्यात अर्थ नाही. नाव दिले की खुलासा येतो, सुधारणा येत नाही. जिल्ह्यातल्या विहिरींचे नकाशे जपून ठेवणे हे त्या कचेरीचे काम, आणि ते नकाशे काढणे हे कौसल्याबाईंचे. हुद्दा अनुरेखक. सर्वेक्षकाने पेन्सिलीने काढलेल्या कच्च्या नकाशावर खळ दिलेले निळसर ट्रेसिंगचे कापड ताणायचे आणि खालची रेघ जशी असेल तशी काळ्या शाईने वर उतरवायची. पदरचे काही घालायचे नाही, खालचे काही गाळायचे नाही. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात मुगाएवढ्या अक्षरांत 'अनु. कौ. ग.' असे लिहिण्याची तेवढी मुभा होती. साऱ्या सरकारी दुनियेत त्यांच्या मालकीची दोन अक्षरे.

वडील गिरणीत होते. छप्पन्न साली त्यांचे बोट धरून कौसल्याबाई दीक्षेच्या मैदानावर गेल्या होत्या आणि घरी परतताना वडिलांनी एकच गोष्ट बजावली होती, "शिक, आन् कोनाले बोलायले जागा देऊ नको." त्या शिकल्या. बोलायला जागा मात्र लोक शोधून काढतातच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका नकाशावर शाईचा थेंब पडला. रिवाजाप्रमाणे त्यांनी ब्लेडच्या पात्याने तो खरवडायला घेतला, भीतीने हात जड झाला आणि कापडाला भोक पडले. मुख्य आरेखकांनी कापड उजेडाकडे धरले आणि त्या भोकातून त्यांच्याकडे पाहत म्हटले, "डाग राहिला असता तर चालला असता, बाई. भोक चालत नाही." मेमो मिळाला. तो थेंब त्या विसरल्या, ते वाक्य विसरल्या नाहीत.

एकोणनव्वद साली कचेरीत संगणक आला. संगणकाच्या आधी त्याच्यासाठी थंड हवेचे यंत्र आले. ज्या खोलीत अनुरेखक उन्हाळाभर कपाळाचा घाम नकाशावर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधून बसत, त्या खोलीत माणसांसाठी ते कधी आले नव्हते. कंपनीचा माणूस चार दिवस राहिला. त्याने एकेक नकाशा यंत्राखाली धरून त्याचे चित्र संगणकात उतरवले, आणि कौसल्याबाईंना एवढेच शिकवले, की चित्राच्या नावावर माऊसने दोनदा टिचकी मारली की ते पाहण्याच्या प्रोग्रामात उघडते. त्या प्रोग्रामात फक्त पाहता येते, खोडता येत नाही. नकला फ्लॉपीवर घ्या, असेही तो सांगून गेला. फ्लॉपींची मागणी मंजुरीसाठी वर गेली आणि वरच राहिली.

उपअभियंता मधुकरराव घाटे यांनी मात्र एका कामात विलंब केला नाही. नकाशे संगणकात गेले म्हणताच कापडी नकाशांची गरज संपली, असा शेरा मारून त्यांनी सगळे गठ्ठे निर्लेखित केले, म्हणजे दप्तरातून कायमचे काढून टाकले. पेन्सिलीचे कच्चे नकाशे वाळवीने कधीच फस्त केले होते. कापडे जाळून टाकण्याचे काम शिपाई वसंताकडे आले. कौसल्याबाईंनी त्या दिवशी रजा घेतली.

मग मुंबईहून मोठे साहेब यायचे ठरले, आणि मधुकररावांना नकाशाच्या कोपऱ्यात काहीतरी खुपू लागले.

"बाई, हे 'कौ. ग.' काय आहे?"

"अनुरेखकाची सही, साहेब. असते ती."

"आता अनुरेखन कुठे राहिले? तेथे 'संकल्पना : म. घाटे' असे आले पाहिजे. आणि हा पाहण्याचा प्रोग्राम मला नको. टिचकी मारली की नकाशा थेट चित्र काढण्याच्या प्रोग्रामात उघडला पाहिजे, म्हणजे मी सुधारणा करीन. तेवढे बदलून ठेवा."

"साहेब, कंपनीच्या माणसाने सांगितलंय..."

"साहेब मी आहे की तो?"

"मग लेखी आदेश मिळेल का?"

मधुकरराव हसले. "पंख्याचे बटण दाबायलाही लेखी लागते का तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदाच कौसल्याबाईंनी लेखीचा आग्रह सोडला, कारण समोरचा माणूस हसला होता. माणसाला रागापेक्षा हसण्याचे भय अधिक असते.

कंपनीचे इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचले. फाइलीच्या नावाला शेवटी तीन अक्षरांची शेपूट असते; कोणत्या शेपटीची फाइल कोणत्या प्रोग्रामाने उघडायची, हे संगणकाच्या एका लहानशा फाइलीत ओळीने लिहिलेले असते. ती ओळ बदलली की उघडणारा बदलतो. पुस्तकात नमुन्याची एक ओळ छापली होती. कौसल्याबाईंनी शेपूट चित्रांची घातली आणि बाकीची ओळ जशीच्या तशी उतरवली. खालचे जसे आहे तसे वर. नमुन्याच्या त्या ओळीत प्रोग्राम होता तो पत्रे लिहिण्याचा. चित्राचा नव्हे.

दुपारी त्यांनी पिंपळदऱ्याच्या नकाशावर टिचकी मारली. नदीच्या वळणाशी गाव आणि गावाभोवती विहिरींची गोल गोल वर्तुळे, असा तो त्यांचा आवडता नकाशा. संगणकाने इंग्रजीत विचारले, ही फाइल या प्रोग्रामाच्या धाटणीत बदलू का? त्यांना प्रश्न कळला नाही. पण 'बदलू का' एवढे कळले आणि त्यांनी 'नको'चे बटण दाबले. पडदा भरून आला. ना नदी, ना गाव. चौकोन, काटे, तुटकी अक्षरे, बदामाच्या आकृत्या, पुन्हा चौकोन. एखाद्याचे डोके फिरावे आणि त्याने भिंत लिहून काढावी तसे.

कौसल्याबाईंचे बोट जुन्या वळणाने चालले. घाण दिसली की खरवडायची. त्यांनी खोडण्याचे बटण दाबले. चारदोन चौकोन गेले. मग त्या दचकल्या आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

"काय झालं बाई, चेहरा काहून पडला?" चहाचा पेला ठेवत वसंताने विचारले. पडद्याकडे पाहून तोच म्हणाला, "अरे बाप रे, मुंग्याच लागल्या नं ह्याले!"

"वसंतभाऊ, नकाशा मेला."

"मेला त बंद करून टाका."

त्यांनी बंद करायला घेतले. संगणकाने विचारले, केलेले बदल साठवायचे का? हो. नाही.

"हो म्हना ना," वसंता म्हणाला. "सरकारी जागी 'हो' म्हटल्यानं कोनाचं नुकसान झालं हाय?"

बोट 'हो'वर होते. आणि बावीस वर्षांपूर्वीच्या एका भोकातून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे त्यांना वाटले. डाग चालतो. त्यांनी 'नाही' दाबले.

घरी मोतीबिंदूने अंधारलेल्या आई रुखमाबाई भाकरीचा तुकडा चाचपत म्हणाल्या, "आज तुही भाकर जाड काहून झाली वं? हात कापून राहिला का तुहा?" कौसल्याबाईंनी कंपनीचे पुस्तक पुन्हा दिव्याखाली धरले, आणि नमुन्याच्या ओळीतला प्रोग्राम पत्रांचा आहे हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मधुकररावांच्या दारात उभ्या राहिल्या. "साहेब, आज टिचकी मारू नका. उघडणारा प्रोग्राम चुकलाय. आधी चित्राचा प्रोग्राम उघडून बघते, मग..."

"बाई, साहेब जिन्यावर आहेत!"

मुंबईचे साहेब आले, थंड हवेत बसले, हवेची प्रशंसा केली. मधुकररावांनी स्वतः माऊस धरला. पिंपळदरा. दोन टिचक्या. संगणकाने इंग्रजीत विचारले. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला पाहुण्यांसमोर नाही म्हणणे हे मधुकररावांच्या स्वभावात नव्हते. 'बदल'. चौकोन, काटे, बदाम. त्यांच्या कानशिलांवर लाली चढली. "थोडा कचरा आहे," असे म्हणून ते खोडत सुटले. कौसल्याबाई मागून म्हणाल्या, "साहेब, नाही म्हणा. नाही." त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नसावा. संगणकाने विचारले आणि मधुकररावांनी 'हो' दाबले.

मग कौसल्याबाईंना पुढे बोलावण्यात आले. त्यांनी आधी चित्राचा प्रोग्राम उघडला आणि त्याच्या आतून दुसऱ्या गावाचा नकाशा मागवला. तो सुखरूप होता. तिसराही. मरण आले नव्हते, फक्त भलत्या दाराने बोलावणे झाले होते. मात्र पिंपळदऱ्याचे नाव घेताच संगणकाने सांगितले, ही चित्राची फाइल नाही.

"मूळ नकाशा आणा," मुंबईचे साहेब म्हणाले.



मेमो दुसऱ्याच दिवशी आला, आणि तो कोणाला आला हे सांगायला नको. आपल्या निष्काळजीपणामुळे शासकीय अभिलेख नष्ट झाला आहे. पंधरवड्यात नकाशा पुन्हा उपलब्ध न केल्यास आपली बदली सिरोंच्याला करण्याचे योजिले आहे. निर्लेखनाचा त्यात उल्लेख नव्हता. तोंडी आदेशाचा कसा असणार? कौसल्याबाईंनी ती ओळ पूर्वीसारखी करून ठेवली, नकाशे पुन्हा पाहण्याच्या प्रोग्रामात उघडू लागले, आणि त्या प्रत्येक नकाशाकडे पाहून मनात एकच हिशेब करीत राहिल्या: आंधळ्या आईला घेऊन जंगलापलीकडच्या सिरोंच्याला कसे जायचे.

वसंता तीन दिवस त्यांच्या टेबलाशी फिरकला नाही. चौथ्या दिवशी चहा न घेताच आला आणि दार लोटून उभा राहिला.

"बाई, मी ते कापडं जाळले नाही."

कौसल्याबाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली.

"घरी नेले. बायकोनं उकळत्या पान्यात घालून खळ काढली. लय मऊ मलमल निघते नं त्याची. नातवाचे झबले शिवले." त्याने आवाज खाली आणला. "तुमी साहेबाले सांगसान त माही नोकरी गेली. सरकारी मालाची चोरी म्हनतीन. सांगा. तुमच्यावर आलं हाय, मी काय तोंडानं नको म्हनू?"

गड्डीगोदामच्या चाळीत वसंताच्या बायकोने, बायजाबाईने, त्यांना पाट दिला. "या वं बाई, बसा." अंगणात नातू रांगत होता. त्याच्या पाठीवर फिकट करड्या रेघा होत्या. कौसल्याबाई उठल्या. पोराला उचलून त्यांनी उजेडाकडे धरले, मुख्य आरेखक कापड धरीत तसे, आणि पोर रडू लागले.

"कितीक धुतलं तरी ते गोल गोल जातच नाही," बायजाबाई ओशाळून म्हणाली. "म्या म्हटलं राहू दे, तेवढीच लेकराले नजर लागनार नाही."

ते गोल दुसऱ्याच एका गावचे होते. दोरीवरची, गाठोड्यातली, शेजारणीला दिलेली अशी सगळी झबली बायजाबाईने पुढ्यात टाकली. कौसल्याबाई एकेक उजेडात धरीत आणि बाजूला ठेवीत. तळाशी एक राहिले. नदीचे वळण छातीवरून गेले होते. बगलेच्या शिवणीपाशी अर्धवट कापलेले 'कौ.' तेवढे उरले होते, पुढचे अक्षर कात्रीने नेले होते.

पिंपळदरा.

झबले उसवून त्यांनी घरीच पाटावर ताणले आणि वर ट्रेसिंगचे कापड घातले. आई विचारीत होती, "काय काढून राहिली वं?" फिकट रेघ जेथे होती तेथे त्यांनी काळी रेघ काढली. विहिरीमागून विहीर आली. आणि मग हाताच्या जागी कापलेला तो मोठा गोलाकार आला, जेथे खाली काहीच नव्हते. नदीच्या पलीकडे तेथे दोन विहिरी होत्या, की तीन? त्या जागेवर लेखणी धरून त्या बराच वेळ बसल्या. दोन वर्तुळे काढली असती तर मुंबईपर्यंत कोणाला कळले नसते. पण अनुरेखक खाली नसलेले वर उतरवीत नाही. त्यांनी लेखणी उचलली.

नकाशा वेळेत सादर झाला. यंत्राखाली धरून तो पुन्हा संगणकात गेला. मधुकररावांनी टिचकी मारली, तो उघडला, आणि त्यांनी त्या कोऱ्या गोलावर बोट ठेवले.

"हे काय?"

"तेथली माहिती उपलब्ध नाही, साहेब."

"हा आकार असा का? नदीकाठ तर असा नाही."

दाराशी वसंता पाण्याचा पेला घेऊन उभा होता.

"जेवढे मिळाले तेवढे उतरवले," त्या म्हणाल्या.

"कशावरून उतरवले?"

"आठवणीवरून."

त्यांच्या तोंडून सरकारी जागी निघालेले हे पहिले खोटे. मधुकररावांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले, आणि ते उठले. बदली टळली. मेमो मात्र सेवापुस्तकात राहिला.

पुढे कचेरीत कोणीही पाहुणा आला आणि पिंपळदऱ्याचे नाव निघाले, की कौसल्याबाईंचा हात टेबलाची कड घट्ट धरून राही. आज ना उद्या एखादी लेकुरवाळी बाई त्या पडद्यासमोर उभी राहील, तो कोरा गोल पाहील, आणि हसून म्हणेल, अगंबाई, ही तर झबल्याची बाही! पुरुषांच्या कचेरीत तशी बाई यायला वेळ लागतो, एवढ्याच एका गोष्टीचा त्यांना आधार होता.