वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, एक माळ

चमत्कारांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. प्रवासाला निघताना मी तीन-तीन याद्या करते आणि त्याप्रमाणेच सगळं होतं. तरीही हे लिहितेय, कारण ते माझ्याच बोटांमधून गेलं...

२००६ चा जून. आम्ही इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहायचो. धाकटा दीर मंदार पार उत्तरेला, स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या पापा वेस्ट्रे या चिमुकल्या बेटावर समुद्रपक्षी मोजायच्या नोकरीवर होता. "एवढा शिकवला तो पक्षी मोजायला?" असं सासूबाई येताजाता म्हणायच्या. पण कड्यावरून घसरून त्याचा हात मोडला म्हटल्यावर त्याच माझ्या आधी तयार!

सासूबाईंचा एक नेम होता – विमान सुटल्यापासून टेकेपर्यंत एक माळ जप पुरा झालाच पाहिजे. एकदा पुण्याला जाताना जेवणाचा ट्रे आला, माळ अर्धी राहिली, आणि घरी पोचलो तर मामंजी गेलेले. तेव्हापासून हे. संधिवातानं बोटं आखडल्यावर मणी मी ओढायचे, नाव त्या घ्यायच्या.

शेजारच्या वेस्ट्रे बेटापर्यंत बोटीनं आलो. पुढची छोटी बोट लाटांमुळे रद्द. राहिलं आठ सीट्सचं विमान. अंतर जेमतेम डेक्कन ते स्वारगेट... फ्लाइट दोन मिनिटांची! आमच्या माळेला दहा-बारा मिनिटं सहज लागतात.

"आई, आज जप राहू दे."

"मग मीही राहते. माझ्या पोराला काही झालं तर?"

मी मनात ठरवलं, सहा-सहा मणी एकदम ओढायचे. त्यांचे डोळे मिटलेले असतात, कळणार नाही.

विमान उडालं. "श्रीराम," त्या म्हणाल्या. पहिला मणी. आणि मला मणी गाळायचं सुचलंच नाही. एक नाव, एक मणी. खाली हिरवं पाणी, खडकावर पहुडलेले सील. मध्येच त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं, पुन्हा सुरू. कसलीच घाई वाटत नव्हती. मेरुमणी बोटाला लागला, आणि चाकं टेकली.

"झाली?"

"झाली, आई."

प्लास्टरमधला हात सांभाळत मंदार धावत आला. "वहिनी, आज वारा पाठीशी होता! दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

माझं घड्याळही तेच म्हणत होतं.

नंतर घरी मी त्यांच्याच संथ लयीत मणी ओढून पाहिले. दोन मिनिटांत पाव माळसुद्धा होत नाही. "डुलकी लागली असेल तुला," असं नवरा म्हणतो. दोन मिनिटांत? आणि हातातली पाण्याची बाटली? कितीही हिशेब मांडला तरी उत्तर सापडत नाही, आजही.

परतताना समुद्र शांत होता. मी बोटीची चौकशी करायला निघाले, तर सासूबाईंनी अडवलं. "बोट कशाला? विमान आहे ना."

सीटवर बसल्यावर मी सवयीनं माळ काढली. त्यांनी माझा हात हळूच खाली केला. खिडकीतून त्या धावपट्टीच्या कडेला हात हलवणाऱ्या मंदारकडे बघत होत्या.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "एवढंसं तर अंतर."