मुकादम सरांचं विमान

विमान हवेत असेपर्यंत मुकादम सर खुर्चीवर बसत नसत. समोर चहा आला तरी कपाला हात लावत नसत. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत मी नवखी इंजिनिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा ते माझे पहिले साहेब. आमच्याकडे दोन आसनांचं एकच छोटं विमान होतं. हवेच्या धक्क्यांनी त्याचे पंख किती वाकतात, ते मोजायचं आमचं काम.

सर रोह्याचे, मी पेणची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पेणची ना गो तू? मग माझ्यासमोर इंग्रजी कशाला? आपलं बोल की." त्या परमुलखात तेवढ्यानंच मला धीर आला.

"वर गेलं की आपल्या हातात काय नाय. करायचं ते जमिनीवर," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मी घट्ट केलेला प्रत्येक स्क्रू ते पुन्हा तपासत. मला राग यायचा. एकदा उड्डाण चालू असताना डाव्या पंखाचे आकडे भलतेच वाढले. सरांनी वैमानिकाला लगेच परत बोलावलं. पण विमान उतरेपर्यंत आम्ही नुसते आकाशाकडे बघत उभे. वैमानिक सुखरूप उतरला. पंखाच्या मुळाशी बारीक चीर सापडली.

दुरुस्तीला मंजुरी आलीच नाही. प्रकल्प बंद पडला, विमान हँगरच्या कोपऱ्यात गेलं. सर अधूनमधून जाऊन त्याच्या चाकांत हवा भरत. "उडायचं नाय, माहीत हाय. पण टायर बसलेले बघवत नाय." पुढे मी दुसऱ्या विभागात गेले. सर निवृत्त होऊन रोह्याला परतले.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी पेणला घरी आले होते, तशीच रोह्याला गेले. मला बघताच ते काहीतरी सांगू लागले, पण शब्द फुटेना. त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, पाणी दिलं, पंखा कमी केला. ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी डावा तळवा आडवा धरला आणि हवेत पुढे सरकवला.

विमान. ते आदल्याच महिन्यात तोडून भंगारात दिलं होतं.

"आहे, सर. हँगरमध्येच आहे," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. भाभी मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "त्यांना ठाऊक हाय गो. फोन आलेला. तुला कळलं नसेल, म्हणून तेच सांगत होते."

मी आत वळले. त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "सर, मलाही कळलंय." त्यांनी माझा हात धरला. पेणची गाडी निघून गेली, तरी मला तो सोडवून घेता आला नाही.