पंचनाम्यातला सातवा माड

माझ्या मित्राची स्मृती जात होती आणि मी त्याला अभिनय समजत होतो. दीड वर्ष. हे आधीच सांगून टाकतो, कारण मुद्द्याची गोष्ट शेवटच्या प्रवेशापर्यंत दडवून ठेवायची ही आम्हा नाटकवाल्यांची वाईट खोड, आणि मला आता तिचा वीट आलाय.

आम्ही पाच जण. अलिबागेत प्रायोगिक नाटक करायचं म्हणजे माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. वाचनालयाचा हॉल मिळायचा, तोही भजनी मंडळाचा वार सोडून. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. लिहायचं मी, बसवायचं मी आणि ओरडायचंही मीच. मित्र बँकेतून निवृत्त, रेवदंड्याजवळ त्याची नारळ-सुपारीची वाडी. तालमी तिथेच, सुपारी सोलायच्या पडवीत, रविवारी सकाळी. वहिनी पोहे आणून ठेवायच्या आणि वर ऐकवायच्या, "भावोजी, जरा हळू. शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे भांडण लागलंय."

त्याचं पाठांतर म्हणजे काय सांगू! गावच्या जत्रेतल्या नाटकांपासून त्याने कधी प्रॉम्प्टर घेतला नाही. स्वतःचं सोडा, दुसऱ्यांचीही वाक्यं त्याला पाठ. कुणी अडलं की हा ओठांतल्या ओठांत पुढचा शब्द पुरवायचा. त्यामुळे हा माणूस विसरू शकतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही. निदान मी स्वतःला असं समजावतो.

वादळात त्याच्या वाडीतले निम्मे माड आडवे झाले होते. त्यावरूनच मी नाटक लिहिलं. एक म्हातारा पंचनाम्यासाठी आलेल्या तलाठीबाईला पडलेले माड दाखवत फिरतो. तिला फक्त आकडा हवा असतो. म्हातारा प्रत्येक माडाची हकिकत सांगत सुटतो, कुणी लावला, कुणाचं डोकं त्याच्या नारळाने फुटलं. अकरा माड, आणि रंगमंचावर एकही नाही, नुसतं रिकामं अंगण. तलाठीबाई झाली होती इथल्याच कॉलेजात शिकवणारी एक मुलगी. हुशार, थोडी फटकळ.

पहिले दोन महिने तालमी सुरळीत चालल्या. मग एका रविवारी तो सातव्या माडापाशी थांबला. नुसता उभा. हात अर्धवट वर, नजर पडवीच्या खांबावर. बऱ्याच वेळाने बोलला, तर पुन्हा सातव्याच माडाची हकिकत, अगदी पहिल्यापासून. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हात तिच्या, म्हटलं, हे मला कसं नाही सुचलं! नाटकात तो माड म्हाताऱ्याच्या मेलेल्या भावाने लावलेला असतो. म्हातारा त्याच्या पुढे जाऊच शकत नाही! मी संहितेच्या समासात लिहिलं, "ठेवायचं."

मुलीने मध्येच "आजोबा, आता आठवा माड" असं म्हणून त्याला वाट करून दिली होती. मी तिच्यावर खेकसलो.

"त्याची शांतता खाऊ नकोस! थांबलाय ना तो? थांबू दे."

"सर, त्यांना आठवत नाहीये."

"तुला नाटक कळत नाही."

चारचौघांत म्हणालो. तिचा चेहरा पडला आणि पुन्हा म्हणून तिने त्याला सावरलं नाही. मित्र माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, कौतुकाने हसला. तो सुटला म्हणून हसला होता, हे आज कळतं. मीच त्याला लपायला जागा करून दिली होती.

पहिल्या प्रयोगाला लोक रडले. इथे घरटी कुणाचं ना कुणाचं तरी झाड पडलेलं. दुसऱ्या प्रयोगात तो पाचव्या माडापाशीच थांबला आणि मग तिसऱ्याकडे मागे गेला. पुण्याहून आलेले एक समीक्षक नंतर मला म्हणाले, असं मौन हल्ली बघायला मिळत नाही. माझी छाती ही एवढी फुगली. मी बाकीच्यांनाही सांगायला लागलो, त्याच्यासारखं थांबायला शिका.

मग एके दिवशी वहिनींचा फोन आला. हा मासळी आणायला बाजारात गेला तो स्कूटरवरून, परत आला रिक्षातून. रिक्षावाल्यानेच दारात आणून सोडला. म्हणाला, "काकू, काकांना घर गावत न्हाय. मी वळखतो म्हनून आनला." स्कूटर बाजारातच.

"भावोजी, मला भीती वाटते. तुमचं ऐकतात ते. डॉक्टरकडे चला म्हणून सांगा ना."

आणि मी काय म्हणालो? "अहो वहिनी, भूमिका अंगात भिनलीय त्याच्या. प्रयोग झाला की येईल ताळ्यावर." प्रयोग दहा दिवसांवर होता. डॉक्टरकडे नेला आणि त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या तर माझं नाटक बुडणार, हा हिशोब माझ्या मनात होता. लाज वाटते, पण होता.

तो तिसरा प्रयोग. तिसऱ्या माडानंतर तो गप्प झाला तो झालाच. हॉलमध्ये खोकलासुद्धा नाही. मग तो त्या मुलीकडे वळला आणि साध्या, घरातल्या आवाजात म्हणाला, "बाय, मी इथे कशाला आलोय?"

संहितेत हे वाक्य नव्हतं. मुलीचे डोळे भरले. ती विंगेत माझ्याकडे बघत होती, सर, आता तरी. मी हाताने खूण केली, चालू दे. दिवे मंदावले आणि लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

रंगपटात तो खुर्चीवर बसला होता, शर्ट उलटा घालून. माझं मनगट घट्ट धरून त्याने तेच विचारलं. "अरे, मी इथे कशाला आलोय?" लहानपणापासून ओळखतो मी त्याला, पण इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात कधीपासून?" वहिनी म्हणाल्या, "महिनाभर झाला असेल. स्कूटर विसरले तेव्हापासून." मित्र खिडकीबाहेर बघत होता. मला गप्प बसता आलं असतं. पण गोळ्या कुठल्या द्यायच्या ते त्यावर ठरणार होतं. मी म्हणालो, "दीड वर्ष." मग एकेक सांगत गेलो. कुठल्या रविवारी थांबला, कुठल्या माडापाशी, किती वेळ, मग सातव्यावरून पाचव्यावर, पाचव्यावरून तिसऱ्यावर कधी आला. डॉक्टर लिहून घेत होते. शेवटी पेन ठेवून म्हणाले, आधी आला असतात तर निदान काही काळ हे लांबवता आलं असतं.

बाहेर बाकावर वहिनी पदराचं टोक पिळत बसल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं, वहिनी," मी म्हणालो. "मला ते आवडत होतं."