सरांचं भाषण आणि माझं भाषांतर

फुटबॉल संघाचा सहाय्यक प्रशिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली ती माझ्या हुद्द्यामुळे. मी सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. एके दिवशी प्राचार्यांनी खोलीत बोलावून घेतलं. समोर एक पत्र होतं.

"संघाला प्रशिक्षकाबरोबर एक सहाय्यक प्रशिक्षक पाहिजे म्हणतात," ते म्हणाले. "तुम्ही सहाय्यक आहातच. सवय आहे तुम्हाला."

"फुटबॉल थोडा खेळलोय मी, सर. रेल्वेच्या पोरांबरोबर."

"असू द्या," प्राचार्य उदार मनानं म्हणाले. "त्याची काही अडचण नाही."

घरी सांगितलं तेव्हा वडील दुकानातून नुकतेच जेवायला आले होते. आमचं डाळी-कडधान्याचं दुकान. घरात आम्ही निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायचो आणि वडील रागावले की पूर्ण कानडी. ते कानडीत म्हणाले, "चेंडूला लाथा मारायला शिकवणार. आणि त्यातही दुय्यम."

मुख्य प्रशिक्षक म्हणजे आमचे शारीरिक शिक्षणाचे सर. मूळचे पैलवान. मान अशी की शर्टाचं वरचं बटण त्यांनी जन्मात लावलं नसावं. पांढरीशुभ्र पँट, गळ्यात चकचकीत शिट्टी. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून "अहो असिस्टंट" अशीच हाक मारली आणि पुढं पोरंही मला 'असिस्टंट सर' म्हणू लागली.

सरांचे फुटबॉलबद्दल तीन सिद्धांत होते. पहिला, सामन्याआधी शंभर बैठका मारल्या की पाय तयार होतात. दुसरा, दम छातीत नसून पोटात असतो. तिसरा सिद्धांत कडक होता. चेंडू डोक्यानं मारायचा नाही. "डोकं हे विद्येचं स्थान आहे. आपण महाविद्यालय आहोत, बोकडांचा बाजार नव्हे." त्यामुळे चेंडू डोक्यानं मारायला मी पोरांना ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीआड शिकवायचो. ग्रंथपालांची तक्रार गेली, की भिंतीवर बाहेरून कोणीतरी धडका देतंय. चौकशी माझ्याकडेच सोपवली गेली. मी ती आठवडाभर केली आणि काही आढळलं नाही असं लिहून दिलं.

ती दुष्काळाची वर्षं होती. मैदान असं कडक झालेलं, की पडलेला पोरगा गुडघा सोलल्याशिवाय उठायचा नाही. आणि पोरं कुठनं कुठनं आलेली! डाव्या बगलेवर खेळायचा तो शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला. पहाटे मागावर बसून यायचा, घरी तेलुगू बोलायचा, आणि पाय असे चालायचे की चेंडू त्याला सोडून जायला तयार नसायचा. गोलकीपर उंच, दखनी बोलणारा. बचावाला दोघं सख्खे भाऊ, अक्कलकोटच्याही पलीकडच्या गावचे, अस्सल कानडी. आणि मधल्या फळीत मंगळवेढ्याकडचा एक धनगराचा पोरगा. लहानपणापासून मेंढरांमागं पळालेला, त्यामुळं नव्वद मिनिटं म्हणजे त्याला विश्रांती वाटायची.

मी विणकरांच्या शेजारात वाढलो होतो. तेलुगू कानावर पडून आलेलं, कानडी घरचं, दखनी शाळेतल्या मित्रांचं. या भाषांचा नोकरीत कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. रसायनांना कुठलीच भाषा समजत नाही.

पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला. मध्यंतराला आम्ही एका गोलनं मागं होतो. पोरं धापा टाकत सावलीत बसली, मी लिंबाच्या फोडी वाटल्या. सर समोर उभे राहिले. त्यांनी एक पाय पुढं टाकला.

"सिंहाच्या छाव्यांनो! पश्चात दृष्टी टाकणे हा पराभूतांचा धर्म होय! शत्रूच्या गोटात मुसंडी मारा! अकराच्या अकरा वीरांनी एकदिलाने आक्रमण करा! विजयश्री तुमच्या कंठात माळ घालण्यास उत्सुक आहे!"

पाच मिनिटं असं चाललं. मग सर घाम पुसत पाणी प्यायला गेले. पोरं माझ्याकडं बघायला लागली.

"सर क्या बोल्रैं जी?" गोलकीपरनं विचारलं. "मैं भी आगे जाऊं क्या?"

धनगराचा पोरगा म्हणाला, "मला वाटलं मराठीत बोलत्यात. पर न्हाय वाटतं."

मी प्रामाणिकपणे भाषांतर करायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मी खरं ते सांगितलं तर अकराजण पुढं धावतील आणि मागं फक्त दोन खांब उरतील. मग त्या दोघा भावांना कानडीत म्हणालो, "सर म्हणतायत, जागा सोडू नका. मागंच उभे राहा." विणकराच्या पोराला तेलुगूत सांगितलं, "सर म्हणतायत, त्यांचा उजवा बॅक थकलाय, त्याला पळव." गोलकीपरला म्हणालो, "तू आगे नक्को जा. चेंडू आला की लांब मार, बस." आणि धनगराच्या पोराला म्हणालो, "सर म्हणतायत, त्यांच्या त्या काळ्या चड्डीवाल्याच्या मागं चिकटून राहा."

"एवढंच व्हय? आन त्ये माळ-बिळ काय हुतं?"

"ती नंतर."

सामना बरोबरीत सुटला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं माझा चष्मा खाली पडला. "बघितलंत असिस्टंट? शब्दांत ताकद असते. तुम्ही नुसतं पोचवत जा."

मग मी तीन वर्षं पोचवत राहिलो. सर मध्यंतराला गर्जना करायचे आणि मी चार भाषांमध्ये दुसरंच काहीतरी सांगायचो, वर प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "सर म्हणतायत" लावायचो. आम्ही जिंकायला लागलो. सरांची भाषणं लांबत गेली. पोरंही तरबेज झाली. भाषण सुरू झालं की ती गंभीर चेहऱ्यानं माना डोलवायची, आणि सर वळले की माझ्याभोवती कोंडाळं करायची. कॉलेजच्या वार्षिक अंकात संघाचा फोटो छापून आला. खाली सगळ्यांची नावं होती, मधोमध सरांचं ठळक अक्षरांत. मी कडेला हवेचा पंप घेऊन उभा. माझ्या जागी 'व इतर' असं होतं. 'इतर' अनेकवचनी असल्यामुळं मला थोडा मोठेपणा मिळाला, असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, "पंप तरी खाली ठेवायचा होता."

मनातून मात्र मी फुगत चाललो होतो. वाटायचं, संघ माझा आहे, हा माणूस नुसता भोंगा आहे. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुताना सरांच्या भाषणाची नक्कल करायचो. विद्यार्थी हसायचे. आता आठवलं की बरं वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही विभागाच्या अंतिम सामन्याला पोचलो. सामना बार्शीला होता, तिथल्याच कॉलेजशी. एसटीनं गेलो. सकाळचीच वेळ, तरी ऊन मी म्हणत होतं. बघायला अर्धी बार्शी जमलेली, आणि सगळी आमच्या विरुद्ध. मध्यंतराला एक-शून्य असे मागं होतो. विणकराच्या पोराच्या दोन संधी हुकल्या होत्या.

त्या दिवशी सरांनी भाषण आवरतं घेतलं. मला बाजूला नेलं आणि म्हणाले, "त्या डावीकडच्याला बाहेर काढा. त्याच्या जागी आपल्या अध्यक्षांच्या पुतण्याला घाला."

संस्थेच्या अध्यक्षांचा हा पुतण्या तीन वर्षं राखीव होता. बूट इतके स्वच्छ की त्यांत तोंड दिसावं. आदल्या रात्री अध्यक्षांचा फोन प्राचार्यांना आला होता, तो निरोप प्राचार्यांनी सरांना दिला होता, आणि सर तो मला देत होते. आता मात्र भाषांतराची सोय नव्हती. माणूस मैदानावर आहे की बाहेर, हे कोणत्याही भाषेत दिसतं. शिवाय पुतण्याला मराठी उत्तम येत होतं आणि तो शेजारीच उभा राहून पायमोजे वर ओढत होता.

डावा गडी बाहेर गेला की सामना गेला, हे मला कळत होतं. मी दोघा भावांपैकी थोरल्याकडं वळलो. सर हातभर अंतरावर. मी साध्या आवाजात, पाणी हवं का विचारावं तसं, कानडीत म्हणालो, "कुंट. स्वल्प कुंट." म्हणजे लंगड, थोडंसं लंगड.

पोरगा हुशार. उठला, दोन पावलं टाकली आणि असा लंगडला की मलाच काळजी वाटली. "अय्यो," असं म्हणून तो खाली बसला.

"सर, याचा पाय गेला," मी म्हणालो. "बदली खेळाडू एकच घेता येतो, तो याच्याच जागी घालावा लागेल. पुतण्याला बचावाला ठेवू. डावीकडचा राहू दे तसाच."

सरांनी त्या पोराकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. "ठीक," एवढंच म्हणाले.

पुतण्या बचावाला उभा राहिला. धनगराच्या पोराला मी सांगितलं, "तू त्याच्या मागं थांब. त्याला जे जमणार नाही ते तू कर." तो म्हणाला, "म्हंजी समदंच की."

त्यानं समदंच केलं. पुतण्याच्या पायाला चेंडू दोनदा लागला, दोन्ही वेळा चुकून. मधे कधीतरी गर्दीतून आम्ही बरोबरी साधली. शेवटची काही मिनिटं उरली होती. विणकराचा पोरगा डावीकडून सुटला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि चेंडू उंच उचलून गोलसमोर टाकला. तिथं बचावातल्या भावांपैकी धाकटा पोचलेला. मागंच थांबायचं असं तीन वर्षं बजावलेलं, तरी हा पुढं कसा आला देव जाणे. चेंडू त्याच्या डोक्याच्या उंचीवर. आणि तो घुटमळला. समोर सर बसले होते ना!

तेवढ्यात माझ्या शेजारून आरोळी उठली, साऱ्या मैदानावर ऐकू जाईल अशी:

"तलीलिंद होडी! ए, तलीलिंद होडी!"

डोक्यानं मार! सर खुर्चीवर उभे होते. पोरानं मारला. चेंडू जाळीत. आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. लंगडणारा थोरला भाऊ सगळ्यांच्या आधी मैदानात पळत गेला. मी मात्र जागचा हललो नाही. सरांना कानडी येत होतं. चांगलं येत होतं.

परतीच्या एसटीत पोरं मागं गात होती. सर माझ्या शेजारी येऊन बसले. वैराग गाव मागं पडलं. मग मीच म्हणालो, "सर, तुम्हाला कानडी..."

"अक्कलकोटला चार वर्षं शाळेत होतो. बायको तिकडचीच. घरात मराठी बोललो तर जेवण मिळत नाही."

"म्हणजे पहिल्या सामन्यापासून..."

"पहिल्या सामन्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. मला फुटबॉल येत नाही हे मला माहीत नाही, असं वाटलं तुम्हाला? कुस्ती शिकवतो म्हटलं तर म्हणाले, कुस्तीचा संघ नाही, फुटबॉलचा आहे."

"पण मग ती भाषणं कशाला, सर?"

त्यांनी माझ्याकडं आश्चर्यानं पाहिलं. "भाषण नको? मी मुख्य आहे ना! मी गप्प बसलो असतो तर लोकांनी तुम्हाला विचारलं असतं, मग मला कशाला ठेवलं असतं?" थोड्या वेळानं म्हणाले, "आणि मी गेलो असतो तर कोणी भलताच आला असता. त्यानं तुम्हाला एक शब्द बोलू दिला नसता. आज तो पुतण्या डावीकडं गेला असता तर मला प्राचार्यांचं ऐकल्याचं पुण्य मिळालं असतं, पण सामना गेला असता. तुम्ही पोराला लंगडवलंत. बरं केलंत."

परीक्षानळ्या धुताना केलेल्या नकला आठवल्या. त्यांनाही त्या कोणी सांगितल्या असतील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

सत्कार थाटात झाला. सरांना शाल, श्रीफळ. अध्यक्षांनी पुतण्याच्या खंबीर बचावाचा खास उल्लेख केला. त्यावर धनगराच्या पोराला ठसका लागला आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. सर बोलायला उठले. वीस मिनिटं विजयश्री, रणांगण, छावे. माझं नाव आलं नाही. मी वाट बघत होतो, हे खोटं कशाला सांगू.

पुढच्या जूनमध्ये सर संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात मोठ्या जागेवर गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस तरुण होता, पदविका घेतलेला, आणि त्याला फुटबॉल खरोखर येत होता. तो फळ्यावर आकृत्या काढायचा, बोलायचं ते साधं बोलायचा, अडलं तर पायानं करून दाखवायचा. पोरांना सगळं कळायचं. महिन्याभरात मला पत्र आलं. सहाय्यक प्रशिक्षकाची आता आवश्यकता राहिलेली नसल्यामुळे आपणास या जबाबदारीतून आभारपूर्वक मुक्त करण्यात येत आहे. मी ते दोनदा वाचलं. कॉलेजात एक लायक माणूस आला आणि पहिली कुऱ्हाड माझ्यावर पडली.

त्या संध्याकाळी पाचलाच घरी गेलो. बायकोनं कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

त्या मोसमातला पहिला सामना मी पायऱ्यांवर बसून पाहिला. मध्यंतराला नव्या प्रशिक्षकानं पोरांशी जेमतेम दोन मिनिटं बातचीत केली आणि ती हसत उठली. मंगळवेढ्याच्या पोरानं मला लांबून पाहिलं. "सर, तितं का बसलाय? हितं या की!" त्यानं हाक मारली. मी हातानंच नको म्हणालो. शेजारचा एक विद्यार्थी मला विचारायला लागला, आपला डावा गडी कोण, फार छान खेळतो. मी त्याला सांगू लागलो, आणि सामना संपेपर्यंत सांगतच होतो.