नावाची बाजू खाली

लोक नावं ठेवतात, आपण नावं घालतो, असं बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. भंडाऱ्यात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. गंज घ्या, परात घ्या, लोटा घ्या, त्यावर घेणारा सांगेल ते नाव आम्ही फुकट घालून देत असू. बाबांकडे त्यासाठी बोटभर लांबीची छिन्नी होती. तिच्यावर छोटी हातोडी मारत ते ठिपक्याला ठिपका जोडायचे आणि अक्षर उभं करायचे. लग्नसराईत दिवसभर तोच आवाज चालायचा. माझं अक्षर बरं म्हणून शाळेत असतानाच त्यांनी मला शेजारी बसवलं. मला नाव घालता येऊ लागलं, पण त्यांच्यासारखं नाही. त्यांच्या 'ल'च्या गाठीत एक ठिपका नेहमी जास्त पडायचा. मी चिडवायची, "बाबा, तुमच्या 'ल'ले पोट सुटलं." ते हसायचे आणि पुढचा ल तसाच काढायचे.

दुकानदारी मात्र त्यांनी अशी बसवून शिकवली नाही. ती बघून बघून आली. दुकान चार भिंतींत नसते, चार गावांत असते, हे त्यांचं म्हणणं. कोंढ्याला कुणाच्या मुलीचं जमलं, तुमसरच्या बाजारात धानाला काय भाव निघाला, हे त्यांना आधी कळायचं, आणि वर्ष बरं असेल तर मोठे गुंड आधीच भरून ठेवलेले असायचे. गुंड म्हणजे आमच्याकडचं पाणी भरायचं भांडं. भांडी खालच्या फळीवर मांडायची, कारण बायका हात लावून, वाजवून घेतात. दारात घुटमळणाऱ्याला हाक मारायची नाही, पाणी द्यायचं. न घेता गेला तरी मागून बोलायचं नाही, तो पुढच्या लग्नाला येतोच. पुढे मी नागपूरच्या मॉलमध्ये गेले तेव्हा कुठली वस्तू कुठल्या फळीवर ठेवायची याचा तिथेही बराच विचार केलेला दिसला. पाणी द्यायला तेवढं कोणी नव्हतं.

एका नियमाला मात्र ते कधी ढील द्यायचे नाहीत. जुनी भांडी देऊन लोक नवी नेतात, त्या जुन्याला आम्ही मोड म्हणतो. मोडीत आलेल्या भांड्यावर नाव असेल तर ते परत विकायचं नाही. कितीही चांगलं असलं, कितीही चकाकलं, तरी ते भट्टीत जाऊन आटलं पाहिजे. काट्यावर ठेवतानासुद्धा नावाची बाजू खाली. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "नाव बसलेलं रायते त्यात. आटवल्याबिगर उठत नाई." मी कॉमर्स शिकलेली. मला हा खुळचटपणा वाटला आणि तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं.

बाबा गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. तोवर दिवस फिरले होते. आधी स्टीलनं मारलं, मग प्लास्टिकनं, मग मोबाईलनं. अहेरात पाकिटं आली. पोरी दुकानात येऊन भांड्याचा फोटो काढायच्या आणि माझ्यासमोरच मोबाईलवर भाव बघायच्या. नाव घालायचं मशीन मी घेतलं होतं, पण त्याच्यावर धूळ बसली. येणारी पाच गिऱ्हाइकं असली तर त्यातली चार मोड द्यायला आलेली. आजीची परात, आईचा गंज, सासूची घागर. कोपऱ्यातला ढीग वाढत गेला आणि त्या ढिगावर सगळीकडे नावं. एकटी असले की मी ती वाचायची. बाबांनी मनाई केली होती म्हणूनच वाचायची, खोटं कशाला बोलू.

मग शहरातल्या लोकांना पितळेचं वेड लागलं. जुनं पितळ, त्यावर नाव असेल तर फारच छान. मीही फोटो काढून ऑनलाइन विकायला सुरुवात केली. पहिल्याच वेळी लिहिलं, 'जुना गुंड विकणे आहे', तर लोकांनी इतकी थट्टा केली की पुढे 'पाण्याचा हंडा' लिहायला लागले. मोडीत जे सुटायचं त्याच्या कितीतरी पट सुटू लागलं. दुकान तरलं. बाबांचा नियम मोडला तेव्हा मनात थोडं कुठेतरी टोचलं, पण रिकाम्या दुकानात बसून राहणं जास्त टोचतं.

याच दिवसांत आसगावचे एक म्हातारे शेतकरी आले. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला गुंड, त्यावर गमछा टाकलेला. बायको तीन महिन्यांपूर्वी गेली म्हणाले. तिच्या लग्नात मामानं दिलेला गुंड होता तो. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"बाई, हा आटवून टाका," म्हणाले. "मले याच्या बदल्यात काई नोको."

"काहून बाबाजी? भांडं तर चांगलं हाय."

"वाजते तो." मग खाली बघत सांगू लागले. ती रोज झुंजुरकाच, उजाडायच्या आधी उठून गुंड नळाखालच्या दगडावर ठेवायची, तेव्हा टण्णकन आवाज यायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या आवाजानंच त्यांना जाग आली. "आता तो फळीवर पालथा रायते. कोनी हात लावत नाई. तरी त्याच टायमाले वाजते. मी उठून पायतो तं कोनीच नाई. मले भेव वाटते बाई. तुमच्या बाबांनं मले सांगतलं होतं का इथं आटवतेत म्हनून. तुमी आटवान न?"

"आटवते," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी गुंड फिरवून बघितला. तिचं नाव होतं, आणि त्या नावात पोट सुटलेला ल होता. बाबांचा हात. मी ते अक्षर अंगठ्यानं चाचपलं. एवढं सुबक नाव मी त्याआधी विकायला लावलेल्या कुठल्याच भांड्यावर नव्हतं. म्हाताऱ्याला फरक पडणार नाही, त्याला कळणारही नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि फोटो काढला. नावाच्याच बाजूनं काढला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका बाईनं तो घेतला.

महिन्याभरानं ते परत आले. मी त्यांना लांबूनच रस्ता ओलांडताना पाहिलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बाई, आटवला न तुमी?"

"हो. तवाच आटवला."

"कसम?"

"कसम."

मला वाटलं, यांना कुठून तरी कळलं. पण ते बाकावर बसले, पाणी मागितलं, सगळं प्यायले आणि हसले. त्यांचे वरचे दात नव्हते हे मला तेव्हा दिसलं.

"तरी वाजते," ते म्हणाले. "रोज. त्याच टायमाले. फळीवर काईच नाई, अन वाजते. मंग माह्या ध्यानात आलं. तो गुंड नोयता वाजत. तेच येते, माही बायको. पानी भराले येते." त्यांनी गमछ्यानं डोळे पुसले. "मी येडा, भेलो. आता नाई भेत. आता मी आधीच उठून बसतो. चहा मांडतो. दोन कप मांडतो."

मी मान हलवली. ते आता अधूनमधून येऊ लागले, काही घ्यायला नाही, नुसतं सांगायला. भंडाऱ्याला काम निघालं की बसमधून उतरून आधी माझ्याकडे. आज उशिरा वाजलं. आज दोनदा वाजलं. पोरगा म्हणतो डॉक्टरकडे चला. सुनेला ऐकू येत नाही. ते सांगायचे आणि मी नजर टाळून काटा पुसत बसायची. कारण गुंड आटलेला नाही हे फक्त मला माहीत होतं. तो पुण्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात होता, आणि त्याचा आवाज आसगावात येत होता.

माझा भुताखेतावर विश्वास नव्हता. आजही मी नाही म्हणेन, पण पूर्वीसारखं झटकन म्हणणार नाही. त्या दिवसांत मला दुकानात एकटीला बसवेना. ढिगातली नावं वाचायचं मी सोडलं. ढिगावर चादर टाकली. उन्हानं पितळ तापतं, निवतं, कधी कुरकुरतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, तरी चादरीखाली काही कुरकुरलं की मी उठून रस्त्यावर उभी राहायची. शेजारच्या मेडिकलवाल्यानं विचारलं, "ताई, आत साप-गिप निघाला का?"

मला वाटायचं, मी एका बाईला अडकवून ठेवलंय. तिचा नवरा तिला वाट मोकळी करून द्यायला माझ्याकडे आला होता आणि मी तिला कुरिअरनं पाठवून दिलं. तो मला धन्यवाद देत होता आणि मला ते सहन होत नव्हतं. खरं सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण सांगितलं की तो विचारणार, कसम कशाले खाल्ली मंग? एकच गोष्ट माझ्या हातात होती. जे केलं म्हणून सांगितलं, ते करायचं. मग मी खोटं बोलले असं उरणार नव्हतं.

पुण्याच्या बाईला फोन लावला. ती चांगली होती बिचारी. आधी गोंधळली. म्हणाली, "अहो, पण त्या हंड्यात मी मनीप्लांट लावलाय. सगळे विचारतात, हे नाव कुणाचं? मी सांगते, माझ्या पणजीचं." हे ऐकून मला जे वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. मी तिला दोन नवी भांडी पाठवते म्हटलं, घरातली वस्तू चुकून विकली गेली असं सांगितलं, शेवटी रडलेसुद्धा. तिनं गुंड परत पाठवला. आत माती चिकटलेली होती. मी चिंच लावून तो घासला, आतून-बाहेरून, आणि सोमवारी दुकान बंद ठेवून स्वतः भट्टीवर घेऊन गेले.

भट्टीवाला म्हणाला, एका गुंडासाठी कोणी येते का, ढीग आणा. मी म्हटलं, एवढाच टाका, माझ्यासमोर टाका. त्यानं हातोड्यानं तो चेपला. तो आवाज मला अजून आठवतो. मग तुकडे मुशीत घातले. ल कुठल्या तुकड्यावर होता ते मला शेवटपर्यंत दिसत होतं, मग दिसेनासं झालं. बाबांचं अक्षर गेलं म्हणून वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मोकळं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले. पुढचे काही दिवस दुकानातही काही वाटलं नाही. चादर काढून टाकली.

आठ-दहा दिवसांनी ते आले. मी हसून "या बाबाजी" म्हटलं. ते बसले नाहीत. दाढी वाढलेली, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात.

"बाई, आवाज बंद झाला," ते म्हणाले.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "कवापासून?"

"मागच्या सोमवारपासून. त्या दिवशी सकाळी वाजला. मंगळवारी मी चहा मांडून बसलो, तं काईच नाई. तवापासून नाई." ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मला काही माहीत असेल. "मी काय चुकलो असन बाई? काई बोललो असन का तिले? सुनेनं तिचे लुगडे वाटून देल्ले, त्याचा राग आला असन का?"

मी पाण्याचा लोटा पुढे केला. मी खरं सांगितलं असतं तर त्यांना निदान कळलं असतं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हे मला तिथे उभ्या उभ्या समजत होतं, आणि तरी मी सांगितलं नाही.

त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि एका नव्या गुंडाकडे बोट केलं. "तेवढाच हाय न? हा द्या. तिच्याजवळ पानी भराले भांडंच नाई रायलं, म्हनून येत नसन. मीच आनून देल्ला इथं. नाव टाका त्याच्यावर. तिचंच. होतं तसंच."

मी मशीन पुसलं, वायर लावली आणि नाव घातलं. ते शेजारी वाकून बघत होते. वाचता येत नसावं, पण एकेक अक्षर बोटानं चाचपत होते. ल पाशी बोट थांबलं. मशीनच्या 'ल'ला पोट नव्हतं. गमछा टाकून त्यांनी गुंड पोटाशी धरला आणि दारातून मागे वळून विचारलं, "येईन न बाई आता ते?"

"येईन ते," मी म्हटलं.